चार्ली ‘हो’ म्हणाला होता

डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ ही कादंबरी वाचून झाली की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो असा : ऑपरेशन करून माणसाची बुद्धी खरंच वाढवता येते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या प्रकरणात पुढे येईल. पण थोडा वेळ गेला की दुसरा प्रश्न डोकं वर काढतो आणि तो पहिल्याहून अवघड निघतो. चार्लीवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्याला हुशार व्हायचंच होतं. तो आपल्या पायांनी प्रयोगशाळेत गेला आणि आनंदाने ‘हो’ म्हणाला. मग पुस्तक मिटताना डॉक्टरांचा राग का येतो?

१. एक माणूस, एक उंदीर

बत्तीस वर्षांचा चार्ली गॉर्डन न्यूयॉर्कमधल्या एका बेकरीत झाडलोट करतो, सामान पोचवतो. त्याचा बुद्ध्यंक ६८. संध्याकाळी तो बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकतो. त्याची शिकण्याची ओढ पाहून त्याच्या बाई, अ‍ॅलिस किनियन, त्याचं नाव संशोधकांना सुचवतात. प्राध्यापक नीमर आणि डॉ. स्ट्रॉस यांनी अल्जरनॉन नावाच्या एका पांढऱ्या उंदरावर मेंदूची शस्त्रक्रिया केलेली असते आणि तो उंदीर भलताच तल्लख झालेला असतो. चार्लीची आणि उंदराची शर्यत लावतात. अल्जरनॉन त्याच्या चक्रव्यूहातून धावत बाहेर पडतो. तसाच चक्रव्यूह समोर आखून दिलेला चार्ली मात्र अडकून पडतो. पुन्हा पुन्हा हरतो.

मग चार्लीवर शस्त्रक्रिया होते. काही आठवड्यांत तो वाचू लागतो, काही महिन्यांत शिक्षकांच्या आणि शेवटी डॉक्टरांच्याही पुढे जातो. बुद्ध्यंक १८५. पण एके दिवशी अल्जरनॉन चक्रव्यूहात गोंधळतो, चिडतो, चावू लागतो. प्रयोगात कुठे पाणी मुरतंय ते शोधायला आता एकच माणूस पुरेसा हुशार आहे, तो म्हणजे चार्ली. तो शोधून काढतो : कृत्रिम रीतीने वाढवलेली बुद्धी जितकी जास्त वाढते, तितक्याच वेगाने ती ओसरते. अल्जरनॉन मरतो. चार्ली पायरी-पायरीने खाली उतरत पूर्वीच्या जागी येऊन पोचतो.

हे सगळं वाचकाला कळतं ते चार्लीच्याच हातच्या नोंदींमधून. डॉक्टरांनी त्याला प्रगतीचे अहवाल लिहायला सांगितलेलं असतं. ३ मार्चला सुरू झालेल्या या नोंदी २१ नोव्हेंबरला थांबतात. सुरुवातीच्या नोंदींत शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला आहेत. मध्ये एकदा बाई त्याला स्वल्पविराम शिकवतात, तर तो प्रत्येक शब्दापुढे स्वल्पविराम टाकत सुटतो. दुसऱ्या दिवशी सगळी विरामचिन्हं कळल्यावर ती सगळी एकाच नोंदीत ओततो. वाचक हसतो, आणि पुढच्या पानावर वाक्यं सरळ झालेली पाहून चकित होतो. कादंबरीच्या अखेरीला त्याच चुका एक-एक करून परत येतात, तेव्हा मात्र हसू येत नाही. कुठलाही निवेदक मध्ये न घालता फक्त लिखाणाच्या घडणीतून माणसाची बुद्धी चढताना-उतरताना दाखवणं, हे कीज यांचं मोठं कसब.

कीज न्यूयॉर्कमध्ये शाळाशिक्षक होते. १९५७ साली, अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या वर्गातला एक मुलगा त्यांच्याकडे आला आणि त्याने विचारलं, मी खूप अभ्यास केला आणि हुशार झालो, तर मला नेहमीच्या वर्गात घालाल का? त्या मुलाने कीज यांची पाठ सोडली नाही. एप्रिल १९५९ मध्ये आधी याच नावाची कथा प्रसिद्ध झाली, १९६० मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये तिचीच कादंबरी होऊन आली आणि सॅम्युअल डिलेनी यांच्या ‘बॅबेल-१७’ बरोबर तिला नेब्युला पुरस्कार विभागून मिळाला. पण कथा छापून येण्याआधी एका संपादकाने शेवट बदलायला सांगितलं होतं : चार्लीची बुद्धी टिकू द्या, त्याचं आणि बाईंचं लग्न लावा. कीज यांना पैशांची गरज होती, तरी त्यांनी नकार दिला. तो नकार किती मोलाचा होता हे वेगळं सांगायला नको. गोड शेवट झाला असता तर प्रयोग यशस्वी ठरला असता आणि प्रश्नच उरला नसता.

२. ६८ म्हणजे किती?

आधी हा आकडा समजून घेऊ. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी तीस लहान-लहान कामांची एक चाचणी तयार केली. हेतू साधा होता : वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल ते ओळखायचं. पुढे जर्मनीतल्या विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये त्यातून एक गुणोत्तर काढलं. दहा वर्षांचा मुलगा सर्वसाधारण आठ वर्षांच्या मुलाला जमतील एवढेच प्रश्न सोडवत असेल, तर आठ भागिले दहा गुणिले शंभर, म्हणजे ८०. झाला बुद्ध्यंक.

प्रौढांना हे गणित लागू पडत नाही, कारण चाळीस वर्षांचा माणूस वीस वर्षांच्या माणसाच्या दुप्पट हुशार नसतो. म्हणून आता माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या इतरांशी करतात. सरासरीला १०० धरतात आणि मोजपट्टी अशी आखतात की साधारण तीनात दोन माणसं ८५ ते ११५ च्या दरम्यान यावीत. ७० च्या खाली शंभरात दोनेक माणसं येतात, चार्ली त्यांतला. आणि १८५? तो कादंबरीतलाच आकडा. नेहमीच्या चाचण्या १६० च्या आसपास संपतात, कारण त्यापुढे तुलना करायला पुरेशी माणसंच सापडत नाहीत.

गावातल्या डेअरीवर दुधात लॅक्टोमीटर बुडवतात, तसा हा प्रकार आहे. दुधात पाणी घातलंय का, याचा अंदाज त्यावरून येतो. दुधाची चव, गाईची तब्येत, तिला पाळणाऱ्या घराची मेहनत यांतलं काहीही तो सांगत नाही, आणि ती त्याची चूकही नव्हे. बिने यांनाही आपल्या चाचणीच्या मर्यादा ठाऊक होत्या. त्यांचा आकडा मुलाच्या कपाळावर कायमचा कोरण्यासाठी नव्हता. कीज यांनी यावर एक छान जागा साधली आहे : चार्ली बुद्ध्यंक म्हणजे काय ते विचारतो, तेव्हा नीमर एक सांगतात, स्ट्रॉस दुसरंच सांगतात, आणि चाचण्या घेणारा बर्ट म्हणतो की दोघेही चुकताहेत.

अमेरिकेत मात्र हा आकडा फार लवकर न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत हेन्री गॉडर्ड यांनी बिनेंची चाचणी आणली आणि तिच्यावरून माणसांच्या प्रतवाऱ्या लावल्या. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला आठ विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. कॅरी, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघीही मंदबुद्धीच्या ठरवल्या गेल्या होत्या. ती मुलगी पुढे शाळेत गेली तेव्हा गुणवंतांच्या यादीत आली. अमेरिकेत अशा सक्तीच्या नसबंद्या साठ हजारांवर झाल्या. चार्लीच्या जन्माच्या सुमाराचा अमेरिकी समाज तो हा.

३. उंदीर हुशार होतो, पुढे काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे. प्रौढ माणसाचा बुद्ध्यंक ६८ वरून १८५ वर नेणारी शस्त्रक्रिया आज अस्तित्वात नाही. उंदरांच्या बाबतीत मात्र कादंबरी अगदीच हवेतली नव्हती. १९९९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात ज्यो त्सियेन आणि सहकाऱ्यांनी स्मरणाशी निगडित एक जनुक वाढवलेले उंदीर तयार केले. ते इतर उंदरांपेक्षा लवकर शिकत आणि शिकलेलं जास्त काळ लक्षात ठेवत. दोन वर्षांनी असंही दिसलं की तसल्या उंदरांना दीर्घकाळच्या वेदनाही जास्त जाणवतात. मेंदूतली एक कळ दाबावी आणि एकच दिवा लागावा, असं तिथे सहसा होत नाही.

माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून स्वभाव ‘दुरुस्त’ करण्याचा प्रयत्न मात्र खरोखर झाला होता. मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधीच, १९४१ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांच्या बहिणीवर, तेवीस वर्षांच्या रोझमेरीवर ती झाली. रोझमेरी अभ्यासात मागे होती, पण ती लिहीत होती, नाचत होती, पार्ट्यांना जात होती. तिच्या रागाच्या झटक्यांनी त्रासलेल्या वडिलांनी शस्त्रक्रिया ठरवली. त्यानंतर तिचं चालणं गेलं, बोलणं जवळपास गेलं. उरलेलं आयुष्य तिने संस्थेत काढलं. २००५ मध्ये ती वारली. तिची बहीण युनिस हिने १९६८ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू केलं.

बुद्धीचं नुकसान होण्याआधीच ते टाळणं मात्र शक्य आहे, आणि त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. गर्भवतीला आणि बाळाला पुरेसं आयोडीन न मिळाल्यास मेंदूची वाढ खुंटते. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं की आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो. आज स्वयंपाकघरात असलेल्या पुड्यातल्या मिठाचा इतिहास तिथे जाऊन पोचतो. यात नाट्य नाही, म्हणून यावर कादंबरी होत नाही. उपकार मात्र यानेच जास्त झाले.

४. संमती म्हणजे नुसती सही नव्हे

आता त्या दुसऱ्या, अवघड प्रश्नाकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्ग इथे नाझी डॉक्टरांवर खटला चालला. नाझींनी १९४० आणि १९४१ मध्ये सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसं विषारी वायूने मारली होती. छळछावण्यांतल्या कैद्यांवरचे प्रयोग वेगळेच. ऑगस्ट १९४७ च्या निकालात दहा कलमांची एक संहिता आली. तिचं पहिलंच कलम : ज्याच्यावर प्रयोग होणार त्याची संमती हवीच.

संमती खरी ठरायला काय लागतं? प्रयोग काय आहे, धोका कोणता, हे माणसाला सांगितलेलं असावं. ते त्याला समजलेलं असावं. त्याच्यावर दडपण किंवा आमिष नसावं. आणि वाटेल तेव्हा ‘पुरे’ म्हणून बाहेर पडायची मोकळीक असावी. या चार गोष्टी घेऊन पुन्हा चार्लीकडे जाऊन पाहावं.

त्याला माहिती दिली का? काही अंशी. परिणाम टिकेल की नाही सांगता येत नाही, असं त्याला सांगितलं जातं. त्याला ते समजलं का? धोका म्हणजे काय हे तोलण्याची ताकद यावी म्हणूनच तर शस्त्रक्रिया होणार होती. कागदोपत्री परवानगी त्याच्या बहिणीकडून, नॉर्माकडून घेतली जाते. ती कित्येक वर्षांत चार्लीला भेटलेली नाही. आणि बाहेर पडायची मोकळीक? मेंदूवरची शस्त्रक्रिया उलटवता येत नाही.

पण खरी गोम तिसऱ्या मुद्द्यात आहे. चार्लीला कोणी धमकावलं नव्हतं, पैशांचं आमिष दाखवलं नव्हतं. मात्र त्याला हुशार का व्हायचं होतं? आईला आवडावं म्हणून. मित्रांच्या गप्पांत भाग घेता यावा म्हणून. लहानपणी आई त्याला ‘नॉर्मल’ करण्यासाठी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेत असे, आणि नॉर्मा जन्मल्यावर तिने त्याचा नाद सोडला. बेकरीतले ज्यो आणि फ्रँक त्याची टिंगल करत आणि तो त्यांना जिवलग समजे. आहे तसा तू पुरेसा नाहीस, हे बत्तीस वर्षं ज्याच्या मनावर बिंबवलं गेलं, तो दुसरं काय म्हणणार होता? डॉक्टरांनी दडपण आणलं नाही, कारण ते आधीच आणून ठेवलेलं होतं.

डॉक्टर आपला प्रयोग शिकागोच्या एका परिषदेत मांडतात, तेव्हा हे उघडं पडतं. व्यासपीठावर चार्लीच्या आधीच्या चाचण्यांची फिल्म दाखवतात, सभागृह हसतं. भाषणाचा सूर असा की शस्त्रक्रियेआधी चार्ली जणू कोणी नव्हताच; त्याला माणूस केलं ते प्रयोगशाळेने. आपण आधीही माणूस होतो, एवढंच चार्लीला म्हणायचं असतं. तो पिंजऱ्याचं दार उघडतो आणि अल्जरनॉनला घेऊन पळतो. (भारतीय वाचकाला इथे एक गमतीचा तपशील सापडतो : नीमरांच्या सिद्धान्तावर टीका करणारं एका भारतीय संशोधकाचं लिखाण चार्लीने वाचलेलं असतं आणि नीमरांनी नाही, कारण त्यांना हिंदी येत नाही.)

सगळ्या कादंबरीतला सर्वांत बोचरा प्रसंग याहून साधा आहे. एका उपाहारगृहात थाळ्या उचलणाऱ्या पोऱ्याच्या हातून बश्या पडून फुटतात. गिऱ्हाइकं हसतात, टोमणे मारतात, आणि तो पोरगा काही न कळून त्यांच्याबरोबर हसतो. चार्लीही हसतो. क्षणात त्याच्या लक्षात येतं की तो पोरगा म्हणजे आपणच. तो उठून सगळ्यांवर ओरडतो. बुद्धी वाढल्यावर तोसुद्धा हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला होता; कीज यांनी आपल्या नायकालाही सोडलेलं नाही.

५. कादंबरीबाहेरचे चार्ली

हे सगळं कल्पनेतलं, असं म्हणून सुटता येत नाही. बोस्टनजवळ वॉल्टहॅम इथे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी फर्नाल्ड नावाची सरकारी संस्था होती. १९४६ ते १९५३ या काळात तिथल्या सत्तरच्या वर मुलांना किरणोत्सारी लोह किंवा कॅल्शियम मिसळलेली न्याहारी दिली गेली. संशोधक एमआयटीचे होते आणि क्वेकर ओट्स कंपनीचं त्याला सहाय्य होतं. अन्नातलं लोह आणि कॅल्शियम शरीरात किती शोषलं जातं, ते त्यांना पाहायचं होतं. मुलांसाठी एक ‘सायन्स क्लब’ काढला. सभासद झालेल्याला जास्तीचं दूध, बेसबॉलच्या सामन्याची सहल, मिकी माऊसचं घड्याळ. चार भिंतींआड, भेटायला फारसं कोणी येत नाही अशा मुलाला मिकी माऊसचं घड्याळ म्हणजे काय वाटलं असेल? मुलं आनंदाने ‘हो’ म्हणाली. पालकांना पाठवलेल्या पत्रात चांगल्या आहाराचा उल्लेख होता, किरणोत्साराचा नव्हता. पुढे सरकारी समितीने तपासलं तेव्हा मात्रा अल्प होती आणि इजा झाल्याचा पुरावा नाही, असं आढळलं. तरी गोष्ट लपवली गेली होती आणि ती जगासमोर यायला १९९३ उजाडलं. त्या मुलांपैकी काहींना मुळात बौद्धिक अक्षमता नव्हतीच. घर नाही म्हणून त्यांना तिथे ठेवलं होतं.

न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरची विलोब्रुक ही अशीच संस्था, पण याहून मोठी. चार हजारांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत १९६० च्या दशकात सहा हजार जण कोंबलेले होते. तिथे डॉ. सॉल क्रुगमन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे दीडेक दशक मुलांना जाणूनबुजून काविळीच्या विषाणूची लागण केली. त्यांचा युक्तिवाद असा, की या घाणीत मुलांना कावीळ होणारच आहे. आमच्या विभागात निदान स्वच्छता आणि देखभाल तरी मिळते. पालकांच्या सह्या होत्या. पण १९६४ मध्ये जागा नाही म्हणून संस्थेचे दरवाजे नव्या मुलांना बंद झाले, आणि काविळीच्या विभागाचे मात्र उघडे राहिले. घरी मुलाला सांभाळणं अशक्य झालेल्या आईबापांपुढे पर्याय काय उरला? त्या संशोधनातून काविळीच्या दोन प्रकारांतला फरक स्पष्ट झाला आणि लसीकडे जाणारी वाट दिसली, हेही खरं आहे. फायदा जगाला झाला, किंमत त्या मुलांनी मोजली. आणि ‘होणारच होती’ हे समर्थन टिकत नाही, कारण घाण साफ करणं हाही एक उपाय होता.

१९६६ च्या मार्चमध्ये कीज यांची कादंबरी आली. त्याच वर्षी जूनमध्ये हार्वर्डचे डॉ. हेन्री बीचर यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अनैतिक प्रयोगांची बावीस उदाहरणं मांडली. संशोधकांची नावं त्यांनी दिली नाहीत, पण विलोब्रुकचा प्रयोग त्यात होता. माणसांवरच्या संशोधनाला आवर घालणारा अमेरिकी कायदा यायला तरी १९७४ साल लागलं, आणि विलोब्रुक बंद व्हायला १९८७.

६. आपल्या घरी

आपल्याकडे बुद्ध्यंक मोजण्याची एक जुनी चाचणी आजही वापरात आहे, ती बिने-कामत चाचणी. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बेतली. बौद्धिक अक्षमतेचा दाखला काढायला गेलेल्या कित्येक मराठी पालकांनी ते नाव ऐकलेलं असेल.

संमतीची लढाईही इथे झाली आहे. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. कारण दिलं गेलं ते पाळीच्या काळात स्वच्छता राखणं कठीण जातं हे. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या थांबवाव्या लागल्या. विलोब्रुकचाच युक्तिवाद, वेगळ्या कपड्यांत : देखभाल अपुरी आहे, म्हणून शरीर बदला. पुढे २००९ मध्ये चंदीगढच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका गर्भवती तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तिला ते मूल हवं होतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या सहाव्या कलमात संशोधनाबद्दल स्पष्ट तरतूद आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा मार्गाने माहिती देऊन तिची मुक्त संमती घ्यावी लागते. शिवाय एका समितीची आगाऊ परवानगी लागते, आणि त्या समितीतले किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. नीमरांच्या प्रयोगाला पैसा पुरवणारं प्रतिष्ठान होतं, शाबासकी देणारी परिषद होती. निर्णयाच्या टेबलाभोवती चार्लीसारखं कोणी नव्हतं.

घरात अशी व्यक्ती असेल आणि संशोधनाचा कागद सहीसाठी पुढे आला, तर घाई करू नये. माहितीपत्रक आपल्या भाषेत मागावं, नैतिकता समितीची परवानगी पाहावी, सही केलेल्या कागदाची प्रत ताब्यात घ्यावी. आणि ज्याच्या अंगावर सुई टोचली जाणार आहे, त्याला शेजारी बसवून, त्याला कळेल अशा शब्दांत, लागेल तितका वेळ घेऊन सगळं सांगावं. त्याने मान हलवून नकार दिला, तर तोही नकारच धरावा.